जरोम इगिन्ला : कप न जिंकलेला कर्णधार

नदीकाठ

कॅनडातल्या कॅलगरीत कुणालाही विचारा, तिथल्या फ्लेम्स या आइस हॉकी क्लबचा आजवरचा सगळ्यात मोठा खेळाडू कोण? दहातले नऊ जण क्षणभरही न थांबता सांगतील, जरोम इगिन्ला. बारा नंबरची जर्सी. फ्लेम्ससाठी १,२१९ सामने, ५२५ गोल, १,०९५ गुण (गोल आणि असिस्ट, म्हणजे गोल करून देणारे पास, मिळून). तिन्ही आकडे क्लबचे विक्रम आहेत. आणि या माणसाने स्टॅन्ली कप, म्हणजे लीगच्या विजेत्याचा करंडक, एकदाही उचलला नाही.

आइस हॉकीत कप हेच सर्वस्व मानतात. कर्णधाराचं मोठेपण मोजायचं तर पहिला प्रश्न तोच, कप किती? मला हे माप इगिन्लाच्या बाबतीत साफ अपुरं वाटतं. आपल्याकडे या खेळावर मराठीत फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ज्यांना खेळ माहीत आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल.

एनएचएल ही उत्तर अमेरिकेतली मुख्य लीग. तिचा रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, २०० फूट लांब, ८५ फूट रुंद. भोवती बोर्ड, वर काच. गोलरक्षक सोडून प्रत्येकी पाच खेळाडू बर्फावर. पाऊण मिनिटाची शिफ्ट झाली की गडी बदलतात, कारण त्या वेगाने त्याहून जास्त वेळ कुणी पळूच शकत नाही. आघाडीच्या फळीत साधारणपणे दोन जातीचे खेळाडू असतात. एक चपळ, हाताचे नाजूक, गोल करणारे. दुसरे दांडगे, कोपऱ्यात घुसून अंगाला अंग भिडवत पक (रबराची चकती) काढून आणणारे. पॉवर फॉरवर्ड म्हणजे ही दोन्ही कामं करणारा. कबड्डीत चढाईला जाऊन गुण आणणाऱ्यानेच परत येऊन कोपऱ्यात पकडही करावी, तसं. गोलसमोर उभं राहायचं, मागून बचावपटूंच्या स्टिकचे फटके पाठीवर आणि पायांवर घ्यायचे, गोलरक्षकाला काही दिसू द्यायचं नाही आणि तेवढ्यात आलेला पक जाळ्यात ढकलायचा. अशी मोठी कारकीर्द करणारे फार थोडे होतात, कारण शरीर साथ देत नाही. कॅम नीली हा बॉस्टनचा नमुनेदार पॉवर फॉरवर्ड, त्याला एकतिसाव्या वर्षी खुब्याच्या दुखण्यामुळे थांबावं लागलं. इगिन्ला असा खेळ खेळत १,५५४ सामने टिकला. कारकिर्दीत ६२५ गोल, ६७५ असिस्ट, बरोबर १,३०० गुण.

जन्म १ जुलै १९७७, एडमंटन. वडील नायजेरियातून आलेले, आई अमेरिकेतल्या ओरेगनची. आईवडील लवकर वेगळे झाले आणि तो एडमंटनजवळच्या सेंट अल्बर्टमध्ये आई आणि आजीआजोबांकडे वाढला. सरावाला ने-आण करायचे ते आजोबा. लहानपणी तो गोलरक्षक म्हणूनही खेळला. मुलं म्हणायची, एनएचएलमध्ये काळे खेळाडू असतात कुठे? तो उत्तर द्यायचा, ग्रँट फ्युअर. एडमंटन ऑइलर्सच्या सुवर्णकाळातला तो काळा गोलरक्षक त्याच्याच गावचा हिरो होता.

ज्युनियर हॉकी कॅमलूप्स ब्लेझर्सकडून. १९९४ आणि १९९५, लागोपाठ दोन मेमोरियल कप, म्हणजे ज्युनियर हॉकीची विजेतेपदं. १९९५ च्या ड्राफ्टमध्ये (क्लब आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) डॅलस स्टार्सने अकराव्या क्रमांकावर निवडलं, आणि त्याच डिसेंबरमध्ये, डॅलसकडून एकही सामना खेळण्याआधी, कॅलगरीला देऊन टाकलं. बदल्यात डॅलसला मिळाला ज्यो न्यूएनडाइक, तोवर फ्लेम्सचा कर्णधार असलेला आणि करारावरून क्लबशी बिनसलेला. कॅलगरीकर नाराज होते. नावाजलेला सेंटर (आघाडीतला मधला खेळाडू) जाऊन एक अठरा वर्षांचा पोरगा आला. न्यूएनडाइकने १९९९ मध्ये डॅलसला कप जिंकून दिला आणि प्लेऑफचा, म्हणजे कपासाठीच्या बाद फेऱ्यांचा, सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. डॅलसला त्या व्यवहाराचं फळ कपाच्या रूपात मिळालं. कॅलगरीला इगिन्ला मिळाला. मला विचाराल तर कॅलगरीने यात काही गमावलं नाही.

तो पूर्ण वेळ खेळू लागला तो काळ क्लबचा फार वाईट होता. सलग सात हंगाम फ्लेम्स प्लेऑफला पोचलेच नाहीत. तिकिटांचे पैसे कॅनेडियन डॉलरमध्ये यायचे, पगार अमेरिकन डॉलरमध्ये द्यावे लागायचे आणि कॅनेडियन डॉलर पार घसरलेला. चांगला खेळाडू महागला की क्लब त्याला विकून टाकायचा. अशा संघात २००१-०२ च्या हंगामात त्याने ५२ गोल आणि ९६ गुण केले. सर्वाधिक गोल आणि सर्वाधिक गुण, दोन्ही किताब त्याचे. हार्ट ट्रॉफीसाठी (हंगामातल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा किताब) माँट्रियलचा गोलरक्षक जोसे थिओडोर आणि तो समसमान ठरले आणि पहिल्या पसंतीची मतं जास्त म्हणून ती थिओडोरला गेली.

त्याच फेब्रुवारीत सॉल्ट लेक सिटीचं ऑलिंपिक. अंतिम सामन्यात कॅनडाने अमेरिकेला ५-२ हरवलं, त्यात दोन गोल इगिन्लाचे. कॅनडाच्या पुरुष संघाचं पन्नास वर्षांनंतरचं पहिलं सुवर्ण, आणि हिवाळी ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणारा तो पहिला काळा पुरुष खेळाडू.

२००३ मध्ये तो कर्णधार झाला. आधीचा कर्णधार क्रेग कॉनरॉय याने स्वतःहून छातीवरचा 'सी' त्याला दिला. आणि पहिल्याच हंगामात २००४ चा तो प्लेऑफ आला. त्याबद्दल खाली प्रतिसादात लिहितो, नाहीतर हेच फार लांबेल.

अबोली

छान ओळख. मी हा खेळ कधी पाहिलेला नाही, त्यामुळे तुमचा तो सोडायला सांगितलेला परिच्छेदच आधी वाचला. :) २००४ बद्दल लिहाच.

टोरोंटोकर

लेख आवडला, पण मूळ मुद्दा पटला नाही. नऊ हंगाम कर्णधार, त्यातल्या फक्त एकात पहिल्या फेरीच्या पुढे. २००६, २००७, २००८, २००९, चारही वर्षं पहिल्याच फेरीत घरी. त्यानंतर तर प्लेऑफच नाही. खेळाडू म्हणून थोर, याबद्दल दुमत नाही. पण कर्णधाराचं मोजमाप संघाच्या निकालावर नाही करायचं तर कशावर करायचं? आमच्याकडे टोरोंटोत लीफ्स संघाच्या कर्णधारांना आम्ही हाच न्याय लावतो आणि फार कठोरपणे लावतो.

खडकीकर

टोरोंटोकर, धनराज पिल्लेला हाच न्याय लावाल का? आमच्या खडकीतला, दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत तुटक्या स्टिक जोडून खेळायला शिकलेला. चार ऑलिंपिक खेळला, पदक एकही नाही. तरी १९९८ च्या बँकॉक एशियाडमध्ये त्याच्या कर्णधारपदाखाली सुवर्ण आलं तेव्हा आमच्या भागातली पोरं स्टिक घेऊन मैदानावर आली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ज्या काळात संघटनाच धड नव्हती त्या काळात संघ अंगावर ओढून नेणारा माणूस पदकांच्या यादीत सापडत नाही.

टोरोंटोकर

खडकीकर, धनराजबद्दल पूर्ण आदर. पण त्याने आशियाई सुवर्ण जिंकून दाखवलं ना? ते कर्णधार म्हणून निकालच झाले.

नदीकाठ

आता २००४. त्यातच टोरोंटोकरांच्या प्रश्नाचं माझं उत्तर आहे.

फ्लेम्स सात हंगामांनंतर प्लेऑफला पोचले. प्रशिक्षक डॅरिल सटर, गोलमध्ये फिनलंडचा मिका किप्रुसॉफ, त्याच मोसमात सॅन होजेकडून आणलेला. बाकी संघ नावाजलेला म्हणावा असा नव्हता. पहिली फेरी व्हँकूवरशी, सातव्या सामन्यापर्यंत गेली. त्या सातव्या सामन्यात इगिन्लाने दोन गोल केले. फ्लेम्स जिंकत आले असताना अगदी शेवटच्या सहा सेकंदांत व्हँकूवरने बरोबरी साधली. ओव्हरटाइममध्ये (जादा वेळ, पहिला गोल होताच सामना संपतो) इगिन्ला पक घेऊन गोलवर चालून गेला, तिथून सुटलेल्या पकवर मार्टिन जेलिनाने गोल केला. दुसऱ्या फेरीत डेट्रॉइट, त्या वर्षीचा लीगमधला अव्वल संघ. तिसऱ्यात सॅन होजे. तिन्ही मालिकांचा निर्णायक गोल जेलिनाचा. १९९४ नंतर प्रथमच एक कॅनेडियन संघ अंतिम फेरीत आला. इथे कॅलगरीत १७ व्या अव्हेन्यूला लोक तेव्हा रेड माइल म्हणायला लागले. प्रत्येक विजयानंतर हजारोंनी माणसं लाल जर्सी घालून रस्त्यावर.

अंतिम फेरी टँपा बे लाइटनिंगशी. तिसऱ्या सामन्यात, फ्लेम्सच्या घरच्या सॅडलडोममध्ये, इगिन्लाची टँपाच्या व्हिन्सेंट लेकॅव्हलियेशी हातापायी झाली. दोन्ही संघांचे सगळ्यात मोठे तारे, स्टॅन्ली कपच्या अंतिम फेरीत, हातमोजे फेकून समोरासमोर. असं सहसा होत नाही, कारण पाच मिनिटं बाहेर बसावं लागतं. इगिन्ला शिक्षा भोगून परत आला, त्याच सामन्यात गोल केला, फ्लेम्स ३-० ने जिंकले.

पाचवा सामना टँपात. ओव्हरटाइम. 'द शिफ्ट' म्हणून कॅलगरीत आजही ज्याबद्दल बोलतात ते हेच. धडकीत इगिन्लाचं हेल्मेट उडालं. तो बाकाकडे वळला नाही. उघड्या डोक्याने खेळत राहिला, शिफ्ट लांबत गेली, पाय जड झालेले दिसत होते. पक हरला, परत मिळवला, बोर्डजवळ दोघांना अंगावर घेतलं, पुन्हा गोलसमोर आला. त्याचा फटका टँपाच्या गोलरक्षकाने, खबिबुलिनने, अडवला, पण पक सुटला आणि ओलेग सॅप्रिकिनने तो आत घातला. ३-२. कपापासून एक विजय दूर. (आजच्या नियमात हे होऊच शकलं नसतं. २०१९-२० पासून हेल्मेट पडलं की ते परत घालायचं किंवा बर्फावरून बाहेर जायचं.)

सहावा सामना घरच्या बर्फावर. २-२ असताना जेलिनाच्या स्केटला लागून पक गोलकडे गेला, खबिबुलिनने पायाने अडवला. रेषा ओलांडली होती का? टीव्हीवरच्या एका कोनातून ओलांडल्यासारखी दिसते. पंचांनी गोल दिला नाही. दुसऱ्या ओव्हरटाइमच्या ३३ व्या सेकंदाला मार्टिन सेंट लुईसने टँपासाठी गोल केला. हा सेंट लुईस पूर्वी कॅलगरीतच होता, क्लबने त्याला सोडून दिलं होतं. सातवा सामना टँपाने २-१ असा जिंकला.

आता टोरोंटोकर, तुम्हीच सांगा. जेलिनाचा तो पक काही इंच पुढे गेला असता तर इगिन्ला थोर कर्णधार, आणि गेला नाही म्हणून सामान्य? त्या दोन महिन्यांत त्याने जे केलं त्यात काय फरक पडला असता?

अबोली

हे वाचून अंगावर काटा आला. पण मारामारीबद्दल मला खरंच विचारायचंय. खेळात ठोसे मारायला परवानगी? आणि त्याचं कौतुक? घरी लहान मुलगा आहे, त्याला मी हे कसं समजावू?

शिंपला

अबोली, आम्ही इथे राहतो आणि माझा मुलगा खेळतो, म्हणून सांगते. मुलांच्या हॉकीत मारामारी चालत नाही, सामन्यातून हाकलतात. एनएचएलमध्ये नियमाने परवानगी अशी नाही, पाच मिनिटांची शिक्षा आहे, पण सामना थांबवून बाहेर काढत नाहीत, म्हणून ती रूढ झाली. आणि त्याची किंमत भयंकर आहे. फक्त मारामारीसाठी संघात ठेवलेले खेळाडू असायचे. त्यातला डेरेक बूगार्ड २०११ मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी गेला, बॉब प्रोबर्ट पंचेचाळिसाव्या वर्षी. दोघांच्याही मेंदूच्या तपासणीत वारंवार मार बसल्याने होणारा तो आजार आढळला. मला इगिन्ला मनापासून आवडतो, पण लेकॅव्हलियेशी झालेल्या मारामारीची चित्रफीत मी मुलाला दाखवत नाही. त्या शिफ्टची दाखवते.

नदीकाठ

शिंपला, तुमचं म्हणणं रास्त आहे आणि मारामाऱ्या कमी झाल्या हे चांगलंच झालं. माझा मुद्दा एवढाच की त्या काळी बहुतेक संघ हे काम कमी पगाराच्या, शेवटच्या फळीतल्या एखाद्या बिचाऱ्याकडे सोपवायचे. त्याने मार खायचा आणि ताऱ्याने गोल करायचे. इगिन्लाने स्वतःच्या वाटचं काम दुसऱ्याच्या अंगावर ढकललं नाही. आपल्या माणसाला कुणी वाईट धडक दिली की जाब विचारायला तो स्वतः जायचा. सहकारी त्याच्यामागे उभे राहायचे ते यामुळे.

शिंपला

आता मला मनापासून सांगायचं ते. या खेळाचा खर्च फार येतो. स्केट, पॅड, हेल्मेट, स्टिक, वर रिंकचं भाडं आणि नोंदणीची फी, आणि मूल वाढलं की सगळं पुन्हा नवीन. इगिन्ला कॅलगरीत असताना प्रत्येक गोलामागे किडस्पोर्ट या संस्थेला पैसे द्यायचा, आधी १,००० डॉलर, पुढे २,०००. ज्या घरांना खेळाची फी परवडत नाही त्यांच्या मुलांची फी ही संस्था भरते. त्याला २००४ मध्ये किंग क्लॅन्सी ट्रॉफी मिळाली ती अशाच कामाबद्दल. आमच्या रिंकवर ड्रेसिंग रूममध्ये अजून जुने पालक सांगतात, की तो सह्या देताना घाई करत नसे, रांगेतलं शेवटचं पोर होईपर्यंत थांबे. आणि त्या रांगेत माझ्या मुलासारखी, गोरी नसलेली मुलंही असायची. त्यांच्यासाठी कर्णधाराच्या जर्सीत त्याला बघणं म्हणजे काय होतं हे मी शब्दांत कसं सांगू!

रानवारा

एक शंका. इतका चांगला खेळाडू होता तर मग कप जिंकू शकेल अशा संघात लवकर का गेला नाही? की क्लबने सोडलं नाही?

टोरोंटोकर

रानवारा, हा माझ्याही मनातला राग आहे, फक्त तो इगिन्लावर नाही, व्यवस्थापनावर आहे. त्याच्या जोडीला एक अव्वल सेंटर द्यायला हवा होता, तो कधी दिलाच नाही. कॉनरॉय भला माणूस आणि उत्तम बचाव करणारा सेंटर, पण ५० गोलवाल्या विंगरला (कडेने खेळणाऱ्या आघाडीच्या खेळाडूला) पक पुरवणारा नव्हे. तरी २००७-०८ मध्ये इगिन्लाने ५० गोल, ९८ गुण केले. सलग अकरा हंगाम ३० किंवा जास्त गोल. पिट्सबर्गमध्ये क्रॉस्बीच्या जोडीला मालकिनसारखा सेंटर होता, इगिन्लाच्या संघात कोण होतं? आणि अखेर मार्च २०१३ मध्ये पिट्सबर्गला पाठवला तेव्हा तो पस्तिशी ओलांडलेला. बदल्यात दोन होतकरू खेळाडू आणि ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची एक निवड. त्यातला एकही फ्लेम्समध्ये टिकला नाही.

नदीकाठ

टोरोंटोकर, म्हणजे निकालाचा दोष कर्णधाराचा नव्हता, असंच म्हणताय की! :)

रानवारा, त्याच्या करारात संमतीशिवाय बदली न करण्याचं कलम होतं. म्हणजे जायचं की नाही हे त्याच्या हातात होतं आणि तो वर्षानुवर्षं राहिला. २०१३ मध्ये बॉस्टनला वाटलं व्यवहार झाला, पण त्याने पिट्सबर्ग निवडलं. मग प्लेऑफच्या उपांत्य फेरीत पिट्सबर्गची गाठ बॉस्टनशीच पडली आणि बॉस्टनने चारही सामने जिंकले. पिट्सबर्गसारख्या संघाला चार सामन्यांत मिळून दोन गोल करता आले. पुढच्या हंगामात तो बॉस्टनकडे गेला, छत्तिसाव्या वर्षी ३० गोल केले, संघ लीगमध्ये पहिला आला आणि दुसऱ्या फेरीत माँट्रियलकडून हरला. मग कोलोरॅडो, शेवटी लॉस एंजेलिस. ३० जुलै २०१८ ला निवृत्ती जाहीर केली, ती कॅलगरीत येऊन.

खडकीकर

क्रॉस्बीचं नाव निघालं म्हणून आठवलं. २०१० च्या व्हँकूवर ऑलिंपिकचा तो गोल मी पाहिलाय, पण तेव्हा इगिन्ला कोण हे माहीत नव्हतं. त्याचा त्यात काय वाटा होता?

नदीकाठ

खडकीकर, माझ्या मते त्याच्या सबंध कारकिर्दीचं सार त्या चार सेकंदांत आहे.

२८ फेब्रुवारी २०१०, अंतिम सामना, कॅनडा वि. अमेरिका. कॅनडा २-१ ने पुढे आणि शेवटची २४ सेकंद उरली असताना झॅक परीजेने बरोबरी केली. ओव्हरटाइमच्या आठव्या मिनिटात क्रॉस्बीने डाव्या कोपऱ्यात इगिन्लाकडे पक दिला. बचावपटू रायन सूटर त्याच्या अंगावर. तेवढ्यात क्रॉस्बीने गोलकडे धाव घेत ओरडून हाक मारली, "इगी!" रेकॉर्डिंगमध्ये ती हाक स्पष्ट ऐकू येते. इगिन्लाने मान वर करून नीट पाहिलंही नाही. हाकेवरून समजलं की घाई आहे. सूटर त्याला खाली पाडत होता, तोल गेलेला, आणि पडता पडता त्याने पक बरोबर क्रॉस्बीच्या स्टिकवर सरकवला. क्रॉस्बीने अमेरिकेचा गोलरक्षक मिलर याच्या पायांमधून गोल केला. सगळं स्टेडियम क्रॉस्बीकडे बघत होतं तेव्हा इगिन्ला बर्फावर आडवा होता.

नाजूक पास द्यायचा, आणि तो अंगावर शंभर किलोचा गडी पडत असताना द्यायचा. पॉवर फॉरवर्ड हवा असतो तो याचसाठी. नुसत्या ताकदवान खेळाडूला तो पास देता आला नसता आणि नुसत्या कलाकाराच्या हातात तोवर पकच राहिला नसता.

टोरोंटोकर

त्या पासला तोड नाही, हे मान्य. तरी माझं मत सांगतो. इगिन्ला थोर कर्णधार होता, पण मार्क मेसियेच्या पंक्तीत मी त्याला बसवणार नाही. दोन वेगळ्या संघांचा कर्णधार म्हणून कप जिंकणारा आजवर तोच एक. ते माप कठोर असलं तरी खोटं नाही.

नदीकाठ

मेसियेच्या पंक्तीत बसवा असं मीही म्हणत नाही. मेसियेलाही एडमंटनला ग्रेट्झकी, कुरी, फ्युअर असे सोबती मिळाले होते एवढं मात्र नोंदवून ठेवतो. आइस हॉकीच्या हॉल ऑफ फेमने पात्र होताच पहिल्या वर्षी, २०२० मध्ये, इगिन्लाची निवड केली. ग्रँट फ्युअर, अँजेला जेम्स आणि विली ओ'री यांच्यानंतर तिथे पोचलेला तो चौथा काळा खेळाडू.

रानवारा

त्याच्यासारखं खेळणारं आता कोण आहे? एखादा सामना बघायचा तर कुणाचा बघू?

शिंपला

रानवारा, ओटावाचा कर्णधार ब्रॅडी टकाचक बघ. गोलसमोर ठाण मांडून बसतो, वाद घालतो, गोलही करतो. त्याचा भाऊ मॅथ्यू आधी कॅलगरीतच होता, नंतर फ्लोरिडाकडून दोनदा कप जिंकला. आणि इगिन्लाचा मुलगा टिज याला २०२४ च्या ड्राफ्टमध्ये युटाने सहाव्या क्रमांकावर घेतलं, त्या क्लबची ती पहिलीच निवड. इगिन्ला स्वतः २०२३ पासून पुन्हा फ्लेम्ससोबत आहे, जनरल मॅनेजरचा सल्लागार म्हणून. जनरल मॅनेजर कोण, तर क्रेग कॉनरॉय.

अबोली

शिंपला, त्या शिफ्टची चित्रफीत शोधून मुलासोबत पाहिली. त्याने तिसऱ्यांदा लावायला सांगितली आहे. नदीकाठ, गोलरक्षकांवर पण एक धागा काढा ना. किप्रुसॉफबद्दल अजून वाचायचंय.